वाक्यात उपयोग करा

इंग्रजी भाषेवर माझ्या सासऱ्यांनी जेवढं प्रेम केलं, तेवढं खुद्द इंग्लंडात कोणी केलं असेल असं मला वाटत नाही, आणि अमेरिकेत तर नाहीच नाही. कोरेगावच्या शाळेत चौतीस वर्षं इंग्रजी शिकवून अण्णा निवृत्त झाले, पण ते फक्त शाळेतून. घरात, दारात, दवाखान्याच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत त्यांचा तास सुरूच असतो. लहान शब्दाने भागत असेल तिथे मोठा शब्द वापरायचा आणि मोठ्याने भागत असेल तिथे त्याहून मोठा, असा त्यांचा बाणा. माझ्या लेकीने त्यांना एकदा वैतागून विचारलं, "अण्णा, व्हाय कान्ट यू जस्ट से हंग्री?" त्यावर अण्णा शांतपणे म्हणाले, "बिकॉज आय ॲम नॉट हंग्री, माय चाइल्ड. आय ॲम फॅमिश्ड." आमच्या गावातल्या वाण्याच्या दुकानात त्यांनी गल्ल्यावरच्या मुलीला तिची 'प्रॉम्प्टिट्यूड' 'एक्झेम्प्लरी', म्हणजे तत्परता वाखाणण्याजोगी, असल्याचं सांगितलं, तेव्हा ती बिचारी घाबरून मॅनेजरला घेऊन आली. तिला ती तक्रार वाटली होती. मग अण्णांनी तेच वाक्य मॅनेजरला पुन्हा म्हणून दाखवलं, आणि आमच्या मागे गाड्या घेऊन उभे असलेले सहा लोक दुसऱ्या रांगेत गेले.

आमचं गाव म्हणजे ओहायोमधलं डब्लिन. दोन वर्षांपूर्वी जानेवारीच्या अखेरीस, बर्फ गुडघाभर असताना, अण्णा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. आल्या आल्या त्यांनी बॅगेतून मेतकूट काढलं, कुळथाचं पीठ काढलं आणि तीन दोनशेपानी फूलस्केप वह्या काढल्या. त्यांतली एक वही माझ्या हातात ठेवून म्हणाले, "सूनबाई, ही तुझी." मी उघडून पाहिली. पहिल्या पानावर त्यांच्या वळणदार अक्षरात 'टॅसिटर्न' असा शब्द, पुढे अर्थ 'मितभाषी, अबोल', आणि खाली रेघ मारून 'वाक्यात उपयोग करा'. मी मूळची नागपूरची. राग आला की मला तो गिळता येत नाही. बारा वर्षं मी या देशात सॉफ्टवेअर तपासते, रोज तीन मीटिंगांमध्ये गोऱ्या लोकांशी इंग्रजीत भांडते, आणि सासऱ्यांनी मला पाचवीच्या बाकावर बसवलं! "अण्णा, माझं इंग्लिश चालतंय की," असं मी जरा तोडूनच म्हटलं. "चालतंय गं," ते म्हणाले, "पण धावत नाही." ती वही मी स्वयंपाकघरातल्या ज्या खणात जुने सेल, सुटे स्क्रू आणि पिझ्झावाल्यांचे कागद असतात, त्या खणात तळाशी घातली आणि विसरून गेले.

अमेरिकेतल्या घरात दिवसभर एकटं बसणं भल्याभल्यांच्या वडिलांना जमत नाही, आणि अण्णांना बोलायला माणूस लागतो. तिसऱ्याच दिवशी स्वेटरवर स्वेटर, त्यावर मुलाचं जाकीट आणि डोक्याला मफलर अशा थाटात ते पायी सार्वजनिक वाचनालयाकडे निघाले. आमच्या भागात रस्त्याने चालणारा माणूस म्हणजे एक तर त्याच्याबरोबर कुत्रं असतं, नाहीतर तो संकटात असतो. अण्णांजवळ कुत्रं नव्हतं, त्यामुळे दर पाच मिनिटांनी कोणीतरी गाडी थांबवून "आर यू ओके?" विचारायचं. अण्णांना ते ओके नसल्याचं नाटक कधी करावं लागलं नाही. गप्पांची संधी दिसली की ते सरळ गाडीत बसत. पहिल्या महिन्यात त्यांना अकरा वेगवेगळ्या लोकांनी घरी आणून सोडलं, त्यांत एकदा पोलीसही होते. शेजारपाजारचे सगळे पडदे सरकले आणि माझ्या नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. अण्णा मात्र उतरताना त्या पोलिसाला 'व्हिजिलंट' या शब्दाची फोड करून सांगत होते, आणि तो ऐकत होता.

वाचनालयात मंगळवारी आणि गुरुवारी परदेशी लोकांसाठी इंग्रजी बोलण्याचा विनामूल्य वर्ग भरायचा. अण्णा तिथे शिकवायला म्हणून गेले, पण त्यांचा मफलर बघून तिथल्या बाईंनी त्यांना शिकणाऱ्यांत बसवलं. घरी येऊन त्यांनी ही हकिकत आनंदाने सांगितली. "मी बसलो. विद्यार्थी म्हणून बसलो. मग त्या बाईंनी फळ्यावर एक शब्द लिहिला. वीस मिनिटांनी मी फळ्यापाशी होतो आणि त्या बाई माझ्या खुर्चीवर होत्या." पुढच्या आठवड्यापासून त्यांना कोपऱ्यातलं एक टेबल मिळालं. त्या टेबलावर 'ॲडव्हान्स्ड' अशी पाटी होती आणि तिथे कोणीच बसत नसे, कारण तिथे येणाऱ्या बहुतेकांना दुकानदाराशी आणि डॉक्टरशी बोलता आलं की पुरत असे. त्या टेबलाशी येऊन बसली एकच विद्यार्थिनी. वय पंचावन्नच्या आसपास, पोलंडची. नाव दानुता. हे नाव अण्णांना इतकं आपल्याकडचं वाटलं की त्यांनी पहिल्याच दिवसापासून त्यांना 'दानुताबाई' म्हणायला सुरुवात केली.

दानुताबाई त्यांच्या देशात एका लहान गावातल्या शाळेत बावीस वर्षं गणित शिकवत होत्या. लेकीपाठोपाठ अमेरिकेत आल्या आणि इथे आमच्याच भागातल्या एका शाळेत रोज संध्याकाळी साफसफाईचं काम करू लागल्या. त्यांची नेमणूक ठेकेदारामार्फत, त्यामुळे शाळेतल्या कोणाला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं. त्या शाळेत गणिताच्या वर्गांना मदतनीस शिक्षिकेची एक जागा मे महिन्यात निघणार आहे असं त्यांना कळलं होतं. ती त्यांना हवी होती. "सोपं इंग्रजी येतं की तुम्हाला, मग ॲडव्हान्स्ड कशाला?" असं अण्णांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "इन पोलिश, आय ॲम टीचर. इन इंग्लिश, आय ॲम मॉप." त्या दिवशी जेवताना ते मुलाला म्हणाले, "ह्या बाईला मी जुलैच्या आत मास्तरीण करून दाखवतो. नाही केलं तर चौतीस वर्षं मी काय केलं?" नवरा म्हणाला, "अण्णा, तुम्ही इथे विझिटर आहात, जरा जपून." अण्णांनी वाटीतली आमटी संपवली आणि लाल पेनाची रिफिल कुठे मिळेल ते विचारलं.

शिकवायची त्यांची पद्धत कोरेगावचीच. शब्द, अर्थ, वाक्यात उपयोग. रोज दहा शब्द, आणि एक कडक नियम: वाक्य खरं असलं पाहिजे. 'द किंग इज बेनेव्होलंट' असलं चालणार नाही. कुठला राजा? पाहिलास का? तुझ्या ओळखीचा आहे का? खोट्या वाक्यात घातलेला शब्द दुसऱ्या दिवशी पळून जातो, खऱ्या वाक्यातला घरी राहतो, असं त्यांचं म्हणणं. दानुताबाईंना हा नियम फार पटला, कारण त्या गणिताच्या होत्या. त्यांची वही अण्णा तपासायला घरी आणायचे आणि भाजी निवडता निवडता मला वाचून दाखवायचे. टिनेशियस, चिवट: बाकाखालचं च्युइंगम टिनेशियस असतं. रिलक्टंट, नाखूश: माझी नात दुकानात माझ्याशी पोलिश बोलायला रिलक्टंट असते. रेडंडंट, अनावश्यक: मी पुसलेली फरशी लगेच मळते, पण मी रेडंडंट नाही. मी तोंडाने "छान आहे" म्हणायचे आणि फोनवर मेल बघायचे. तो नातीचा शब्द मात्र माझ्या मनात दोन दिवस घुटमळला, कारण माझी लेकही त्यातलीच.

एकदा दानुताबाईंनी कळवलं की त्या रविवारी आमच्याकडे 'इव्हेंच्युअली' येतील. अण्णांनी त्याचा इंग्रजी अर्थ घेतला, म्हणजे उशीर झाला तरी येणार खऱ्या. सकाळी दहापासून इस्त्रीचा शर्ट घालून ते सोफ्यावर बसले. संध्याकाळी सहाला मी त्यांना जबरदस्तीने पोहे खायला घातले. मंगळवारी उलगडा झाला की पोलिशमध्ये त्या शब्दाचा जुळा भाऊ आहे आणि त्याचा अर्थ 'जमलं तर'. अण्णांना या शोधाने इतका हर्ष झाला की वाट पाहिल्याचं दुःख ते विसरले. वहीच्या शेवटच्या पानांवर त्यांनी 'तोतये' असा मथळा घातला आणि पोलिश वेष घेऊन इंग्रजीत घुसणारे शब्द एकेक करून पकडायला सुरुवात केली. महिन्याभरात चाळीस तोतये कैद झाले. बदल्यात दानुताबाईंनीही सांगितलं, की 'काइंडली डू द नीडफुल' असं या देशात कोणी लिहीत नाही. अण्णांनी ते मुळीच मानलं नाही. मात्र दोघांच्याही मातृभाषेत 'ए' आणि 'द' नाहीत हे कळल्यावर दोघं एकमेकांकडे नात्यातलं माणूस सापडल्यासारखी बघत बसली. "आपण आर्टिकलवाचून जन्मलेली माणसं," असं अण्णा पुढे कितीतरी दिवस म्हणत होते.

आणि एक गोष्ट होती जी अण्णांनी मला सांगितली नाही, मला ती वाचनालयात त्यांना आणायला गेले तेव्हा दिसली. पोलंडमध्ये वरच्या वर्गांच्या शिक्षकांना मुलं 'प्रोफेसर' म्हणतात. दानुताबाई अण्णांना 'पान प्रोफेसर' म्हणत, म्हणजे आपलं प्रोफेसरसाहेब. अण्णांना हेडमास्तरपद दोनदा हुकलं होतं, एकदा सेवाज्येष्ठतेत आणि एकदा चेअरमनच्या मेव्हण्यापायी. ते 'सर' म्हणून लागले आणि 'सर' म्हणूनच घरी आले. त्र्याहत्तराव्या वर्षी, ओहायोत, एका फरशी पुसणाऱ्या बाईने त्यांना प्रोफेसर केलं. ती हाक आली की ते चष्मा काढून पुसत, आणि चष्मा स्वच्छच असे.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी दानुताबाई खरोखरच आमच्या घरी आल्या. हातात खसखशीचा लांबोळा केक. आपल्या अनारशांवर लावतो तितकी खसखस नव्हे, आतमध्ये नुसती खसखसच. अर्ज गेला म्हणून तोंड गोड करायला आणला होता. मी केक कापत सहज विचारलं, "ऑनलाइन फॉर्म भरलात ना?" दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "ऑनलाइन टोमॅटो मागवावेत. नोकरीचा अर्ज हातानं लिहितात. माणसाचं अक्षर दिसलं पाहिजे. मसुदा मी केला, त्यांनी सुवाच्य उतरवला, आणि गुरुवारी रजिस्टर्ड पोस्टानं रवाना झाला. पोचपावतीसकट." मसुद्याची प्रत त्यांनी अभिमानाने दाखवली. 'रिस्पेक्टेड मॅडम' पासून सुरुवात होती, 'युअर एस्टीम्ड इन्स्टिट्यूशन' होतं, वरिष्ठांना पूर्ण समाधान देण्यात कोणतीही कसूर ठेवणार नाही असं अभिवचन होतं, 'डू द नीडफुल' होतं आणि शेवटी 'युअर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट' होतं. मी फोनवर शाळेचं पान उघडलं. अर्ज फक्त ऑनलाइन. मुदत शुक्रवारी संपलेली.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. "अण्णा, हे कोरेगाव नाहीये!" एवढं नक्की म्हणाले, आणि ते माझ्या आवाजाच्या सगळ्यात वरच्या पट्टीत म्हणाले. दानुताबाईंनी केकची बशी खाली ठेवली. "इट इज नथिंग, पान प्रोफेसर," त्या म्हणाल्या. "आय हॅव मॉप." आणि कोट घालून गेल्या. अण्णा खिडकीशी उभे राहिले. जेवायला बोलावलं तर म्हणाले, "नो." पाणी देऊ का विचारलं तर म्हणाले, "ओके." माझ्या लग्नाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती आणि अण्णांच्या तोंडून 'ओके' मी पहिल्यांदा ऐकलं. मला त्या क्षणी इतकं वाईट वाटलं की भांडी घासताना माझ्या हातून एक काचेचा पेला फुटला.

सोमवारी कसलीशी सुट्टी होती. मंगळवारी सकाळी मी मीटिंग कॅन्सल केली आणि अण्णांना म्हटलं, "चला, बसा गाडीत." त्यांनी काही न विचारता दानुताबाईंची वही उचलली. निघण्यापूर्वी मात्र दानुताबाईंना फोन करून विचारलं, वही दाखवू का? पलीकडून उत्तर आलं, "लेट देम रीड. ऑल इज ट्रू." इथल्या शाळांचं दार बंद असतं, घंटा वाजवून भिंतीवरच्या जाळीत बोलावं लागतं. मी मनातल्या मनात हात जोडले. अण्णा आता 'रिस्पेक्टेड मॅडम'ने सुरुवात करणार, वीस मिनिटं बोलणार, आणि आतून कोणीतरी पुन्हा त्याच पोलिसाला बोलावणार. जाळीतून आवाज आला, "हाउ मे आय हेल्प यू?" अण्णांनी मफलर काढला. "गुड मॉर्निंग," ते म्हणाले. "आय ॲम ॲन ओल्ड टीचर. आय मेड अ मिस्टेक. शी डिड नॉट. प्लीज रीड धिस." त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं इंग्रजी भाषण ते. एकही शब्द त्यात असा नव्हता की जो माझ्या लेकीला बालवाडीत येत नव्हता.

मुख्याध्यापिका स्वतःच बाहेर आल्या. उंच बाई, पायात धावायचे बूट, हातात कॉफी. उभ्या उभ्या वही चाळायला लागल्या आणि चाळता चाळता कॉफी कट्ट्यावर ठेवून दिली. एका पानावर त्या थांबल्या. ते वाक्य मी ऐकलेलं नव्हतं, किंवा अण्णांनी वाचलं तेव्हा मी मेल बघत असेन. कॉन्स्पिक्युअस, सहज नजरेत भरणारं: मी बारा नंबरची खोली झाडते. फळ्यावर अपूर्णांकाच्या बेरजेत एक चूक आहे. ती कॉन्स्पिक्युअस आहे. मी फळा पुसत नाही, कारण त्यावर 'सेव्ह', म्हणजे पुसू नका, असं लिहून ठेवलेलं आहे, आणि चूक दुरुस्त करत नाही, कारण मी फक्त झाडते. "ही आमची बारा नंबरची खोली?" त्यांनी विचारलं. अण्णा म्हणाले, "येस." मग त्या एकदम म्हणाल्या, "थांबा, ते पत्र यांचंच का? काल सुट्टी होती, आज सकाळी आलं. माझ्या उभ्या आयुष्यात मला कोणी एस्टीम्ड म्हटलेलं नाही हो!" आणि त्या हसल्या, अण्णांना न दुखावता हसल्या. मनासारखं माणूस अजून मिळालेलं नाही, मुदत आठवडाभर वाढवून घेते, मात्र फॉर्म ऑनलाइनच भरा, असं सांगून त्यांनी वही दोन्ही हातांनी परत दिली. गाडी रस्त्याला लागल्यावर अण्णांनी मफलर पुन्हा गुंडाळला. मग म्हणाले, "सूनबाई, आय ॲम फॅमिश्ड." मला गाडी बाजूला घेऊन डोळे पुसावे लागले.

फॉर्म मी माझ्या हाताने भरला. मुलाखत जूनमध्ये झाली. पण निकाल काही लागेना, आणि जुलैच्या अखेरीला अण्णांचे सहा महिने भरले. विमानतळावर चाकांच्या खुर्चीत बसताना सुद्धा ते नवऱ्याला विचारत होते, "मेल आला का रे काही?" मेल आला तो ते कोरेगावला पोचल्यावर दोन दिवसांनी. शनिवारी सकाळी दारावर घंटा वाजली. दानुताबाई उभ्या होत्या, हातात तोच लांबोळा केक, आणि अण्णा गेलेत हे पक्कं ठाऊक असूनही त्यांची नजर माझ्या खांद्यावरून आत सोफ्याकडे गेली. ऑगस्टपासून त्या बारा नंबरच्या खोलीत बसणार होत्या. आम्ही व्हिडिओ लावला. तिकडे संध्याकाळ होती, अण्णा ओट्यावर बसले होते. बातमी ऐकून त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी त्यांनी फक्त चष्मा काढला आणि पुसत राहिले, आणि इकडे दानुताबाई पडद्याला हात लावून "पान प्रोफेसर, पान प्रोफेसर" म्हणत राहिल्या.

फोन ठेवल्यावर आम्ही केक खाल्ला. निघता निघता त्यांनी मला विचारलं, "अँड युअर नोटबुक?" मी म्हटलं, कसली नोटबुक? त्या गोड हसून म्हणाल्या, की पान प्रोफेसर नेहमी सांगायचे, माझी सून अतिशय हुशार आहे, फक्त गृहपाठ करत नाही.

त्यानंतर अण्णांचं येणं झालं नाही. गुडघ्यांनी संप केलाय आणि डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला आहे. आमच्या घरात आता 'हंग्री' हाच शब्द चालतो, लेक खोलीत हेडफोन लावून बसते, आम्ही दोघं आपापल्या मीटिंगांत, आणि घरी आणून सोडायला कोणी येत नाही. परवा सेल शोधायला तो खण उघडला तर तळाशी वही. पहिल्या पानावर अजून तेच. टॅसिटर्न, मितभाषी, अबोल. वाक्यात उपयोग करा. मी पेन घेतलं आणि लिहिलं, 'सिन्स अण्णा लेफ्ट, अवर हाउस इज टॅसिटर्न.' फोटो काढून पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. माझ्या वाक्याची त्यांनी तिकडे कोणाकडून तरी कागदावर छापून प्रत काढून घेतली होती आणि त्यावर लाल पेनाने शेरा मारला होता: 'घर टॅसिटर्न नसतं, माणसं असतात. पण वाक्य खरं आहे.' आणि पुढे भली मोठी बरोबरची खूण.